शिवणीवरचं बोलणं

लवूचा तुकडा रापणीतून कापला, त्याला १९६३ च्या मे महिन्यात चार वर्षं पूर्ण होत होती.

रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. वेळवाडीच्या रापणीत त्रेचाळीस घरांचे तुकडे होते. प्रत्येक घराने आपला तुकडा घरी विणायचा, ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवायचा आणि पावसाळा सरला की शेजारच्या तुकड्याशी शिवून द्यायचा. असं मिळून अर्ध्या कोसाचं एक जाळं होई. ज्याचा तुकडा जाळ्यात, त्याचा हात दोरीवर आणि त्याचा वाटा माशात. लवूचा तुकडा विठोबाच्या आणि हौसाबाईच्या तुकड्यांच्या मध्ये असे. १९५९ साली तो कापून लवूच्या दारात आणून टाकला आणि मोकळी झालेली दोन टोकं एकमेकांना शिवली. घरं बेचाळीस राहिली.

तेव्हापासून लवू जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर जात होता. ओला चिरा डोक्यावर घेऊन चढण चढायची, गाडीत ठेवायचा, परत खाली उतरायचं. दोरी ओढून तयार झालेलं त्याचं अंग मागे झुकायला शिकलेलं होतं. ओझ्याखाली पुढे वाकणं त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं. डावा खांदा दुसऱ्याच वर्षी उतरला. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा पापण्यांपर्यंत तांबडा असे.

"इलो डोंगरातलो," त्याची आई काशीबाई ओट्यावरून म्हणे. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण बोटं जाळं विणत असत. "वास बघ गो सुगंधा. मासो नाय, माती."

"आये, तुमी गप रवा," सुगंधा म्हणे आणि नवऱ्याच्या हातावर पाणी घाली.

सासू-सून मिळून नवा तुकडा विणत होत्या. जुना उंदरांनी खाल्ला होता. नवा कोणत्या जाळ्याला जोडायचा हे कोणी विचारलं नव्हतं. सुगंधा रोज भाकऱ्या झाल्या की तासभर विणायला बसे.

१९६३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या एका संस्थेतून गुरुदास नावाचा माणूस वाडीत आला. वय तिशीचं, आजोळ मालवणातलं. मालवणी त्याला पूर्ण कळे, बोलताना मात्र तो पुस्तकी मराठीच बोले. वेळवाडीने वाटेसाठी जो लढा दिला, तो त्याला लिहून काढायचा होता.

चार वर्षांपूर्वीचा तो लढा असा होता. किनाऱ्यावरून बाजाराकडे जाणारी वाट माडांच्या एका बागेतून जाई. बागवाल्याने तिच्यावर चिऱ्यांची भिंत, म्हणजे गडगा, घातली. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बायकांना खाडीकडून दीड मैलाचा वळसा पडू लागला. तेव्हा रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, आबा याने देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, शब्द दिला, की वाट पूर्ण मोकळी होईपर्यंत जाळं पाण्यात जाणार नाही आणि कोणी तडजोड करणार नाही. छत्तीस दिवस रापण वाळूवर पडून राहिली. बायका गडग्याशी रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या. सदतिसाव्या दिवशी मामलेदार कचेरीत एका कागदावर अंगठा उठला. गडगा राहील, त्याच्या खाडीकडच्या टोकाला तीन हात फट सोडली जाईल. वळसा दीड मैलाचा पाऊण मैल झाला. अंगठा लवूचा होता.

गुरुदासने पहिले पंधरा दिवस छापील प्रश्न विचारले. प्रश्न बासष्ट होते. बहुतेकांचं उत्तर एकच, "आबाक इचारा." मग एका दुपारी त्याने बायकांना वाळूत पसरलेलं जाळं सांधताना पाहिलं. गाठी बघून त्या भांडत होत्या.

"ह्यो गाठी यशोदेच्यो. तिका सैल मारूची सवय."

"माझ्यो सैल? तुझी सासू मारी तशा सैल?"

कोणता तुकडा कोणाचा, कोणी विणला, कधी फाटला, कोण बाळंतीण असताना अर्धा राहिला, सगळं त्यांना पाठ होतं. गुरुदासने छापील कागद पेटीत ठेवले आणि आबाकडे गेला. हंगाम संपल्यावर तुकडे सुटे करायच्या आधी एकदा जाळं पूर्ण पसरावं, असं त्याने सुचवलं. प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर उभं राहून लढ्याचं आपलं सांगावं. जो तुकड्यावर उभा, त्याचंच बोलणं लिहायचं. मध्ये कोणी तोडायचं नाही. छापायच्या आधी सगळं याच जाळ्यावर वाचून दाखवायचं, आणि बदल करायचा तर सगळ्यांच्या संमतीने.

"लेखन तुमचं. मी फक्त हात," तो म्हणाला. "आणि नावं मी बदलीन. कोणाला त्रास नको."

"नावां बदलशात?" विठोबा म्हणाला. "मगे आमी मार खाल्लो तो कोणाच्या नावार?"

नावं घालायची असं सगळ्यांनी ठरवलं. गुरुदासने दोनदा समजावून पाहिलं. तिसऱ्यांदा नाही.

तो लवूच्या घरी आला तेव्हा लवू खाणीवर होता. सुगंधाने पाट टाकला.

"सगळे म्हणतात, लवूचं नाव काढू नका," गुरुदास म्हणाला. "म्हणून आलो. त्यांनीही सांगायला हवं. नाहीतर माझं काम अपुरं राहील."

"नाव काढूचां नाय म्हणान इतक्या उन्हातून चलत इलास?" काशीबाईने विचारलं. "शिकलेलो माणूस."

सुगंधा हसली नाही. "ते बोलले तर तुकडो परत घेतीत?"

"ते माझ्या हातात नाही. पण सगळ्यांसमोर बोलता येईल."

चार वर्षांत तेवढंही कोणी दिलं नव्हतं. गुरुदास गेल्यावर ती सासूला म्हणाली, "आये, आज दिवो लागासर विणूया."

बारा मे, रविवार. ओहोटी लागल्यावर रापण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली. बरोबर मध्ये, मासे गोळा होतात त्या जाळ्याच्या खोळीपाशी, आबा एका उलट्या पाटीवर बसला. सत्तरी ओलांडलेला, छातीत खोकला. त्याच्या मागे बायको राधाबाई उभी होती. गुरुदास वही घेऊन टोकापासून चालू लागला आणि त्याच्याबरोबर सगळी वाडी.

यशोदेने नवव्या दिवसाचं सांगितलं. "बागेचो राखणो पाण्याची घागर घेवन इलो. म्हणता, उठा, नायतर वततंय. मी म्हटलंय, वत रे बाबा. आठ दिवस न्हावक नाय." सगळे हसले. तिचा राग आणि तिची मजा, दोन्ही गुरुदासने लिहून घेतली.

विठोबाने पोलिसांची काठी बसलेला गुडघा दाखवला. मग हौसाबाईच्या आधी गुरुदास थांबला. विठोबाचा तुकडा जिथे संपत होता आणि हौसाबाईचा सुरू होत होता, तिथे जाड शिवण होती. तो म्हणाला, "इथे लवू."

"हय तेचो तुकडो खंय आसा?" विठोबा म्हणाला.

सगळे आबाकडे बघू लागले. आबा खोकला आणि हात हलवून म्हणाला, "बोलांदे."

"माझ्या जाळ्यार पाय देव नको," विठोबा लवूला म्हणाला.

लवू शिवणीवर उभा राहिला. शिवण चार बोटं रुंद होती. त्याने पावलं एकापुढे एक ठेवली आणि तोल सावरायला हात थोडे बाजूला धरले. बायकांच्या घोळक्यात कोणीतरी फिसकन हसलं.

हौसाबाईला राहवलं नाही. तिचा तुकडा पुढचाच होता आणि ती त्यावर आधीच उभी होती. "हो बोलाच्या आधी माझां लिवा," ती म्हणाली. "एकतिसाव्या दिवशी माझां दूध आटलां. तेतिसाव्या दिवशी पोर गेलां. तीन म्हयन्यांचां होतां. मी तेका पुरलंय आणि दुसऱ्या दिशी गडग्यार जावन बसलंय. मी पोर दिलंय, आणि ह्येणी वाट दिली." ती लवूकडे बघत नव्हती. "लिवलास?"

"लिहिलं," गुरुदास म्हणाला. मग तो लवूकडे वळला.

"कचेरीत मी गेलंय," लवू म्हणाला. "आंगठो मी लावलंय."

"कोणी सांगितलं होतं का?"

लवूने मान वर केली. खोळीपाशी आबा बसला होता, चाळीसेक पावलांवर. त्याच्यामागे राधाबाई पदराचं टोक दातांत धरून उभी होती. सुगंधा त्या दोघांकडे बघत होती.

"कोणी सांगूक नाय. माझ्या मनान."

"का?"

"भूक लागलेली."

"आमका पोटां नव्हती?" मागून आवाज आला, आणि या वेळी सगळे हसले. लवू शिवणीवरून उतरला. उतरताना उजवा पाय विठोबाच्या जाळ्यावर पडलाच. त्याने तो चटका बसल्यासारखा उचलला.

घरी आल्यावर सुगंधाने वाढलेलं ताट त्याच्यापुढे ठेवलं नाही. खाली आपटलं.

"भूक लागलेली," ती म्हणाली. "आबान हाताक धरून तुमका धाडल्यान. राधाकाकीन तुमच्या हातात पाण्याचो तांब्यो दिल्यान. आणि तुमका भूक लागलेली."

"आबान देवाकडे गाऱ्हाणां घातलेलां. सगळ्यांच्या वतीन."

"मगे?"

"तेणीच तां मोडल्यान म्हणान कळलां तर उद्या रापण पाण्यात कोण घालीत? दर्यार जाणारी माणसां ती. एक मी बाहेर रवलंय तर चलता. रापण मोडली तर चलाचां नाय."

"आणि माझां कसां चलता तां इचारलास?"

काशीबाई कोपऱ्यातून म्हणाली, "तेका जेवक दी गो. भुकेलो आसा, सगळ्यांका सांगान इलो." आणि मग तीच रडू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा खाणीवर आला. दोन मैलांची चढण काठीवर चढून. त्याला धाप लागली होती. लवूने चिरा खाली ठेवून त्याला सावलीत बसवलं.

"दोन हंगाम म्हटलेलंय मी तुका," आबा म्हणाला. "चार झाले."

"झाले."

"काल माका वाटलां, तू बोलतलस. बोललो असतंस तर बरां झालां असतां." तो खोकला. "दर्याक नारळ दिल्यार तो लिवणारो वाचून दाखवतलो. तेव्हा मी उठतंय. माझ्या तुकड्यार उभो रवान सांगतंय. देवाचां काय तां मी आणि देव बघतलो. तुझो तुकडो मी माझ्या हातान शिवतंय."

"बरां," लवू म्हणाला.

आबाला चढणीवरून उतरवायला तो अर्ध्या वाटेपर्यंत गेला. मुकादमाने अर्धा रोज कापला. सुगंधाला हे कळलं, आणि त्या महिन्यात तुकडा दीड हात वाढला.

मेच्या शेवटी रापणीचे तुकडे सुटे झाले आणि घरोघरी आढ्याला टांगले गेले. पाऊस लागला. खाण बंद पडली. लवू दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जाऊ लागला. आषाढात सलग नऊ दिवस सूर्य दिसला नाही. त्यातल्या सातव्या दिवशी सकाळी आबा गेला.

लवू खांदा द्यायला पुढे झाला. विठोबाने त्याच्या हातातून बांबू काढून घेतला. "रापणीची माणसां आसत," तो म्हणाला. लवू सगळ्यांच्या मागून पावसात चालत गेला. मसणवटीत लाकडं ओली होती. पेटायला वेळ लागला. तोवर तो कुंपणापाशी उभा राहिला.

नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशी गुरुदास टंकलेले कागद घेऊन आला. तुकडे पुन्हा जोडण्यासाठी वाळूत क्रमाने मांडले होते. आता तांडेल होता आबाचा मुलगा शंकर. आबाच्या तुकड्यावर पांढऱ्या लुगड्यातली राधाबाई बसली होती.

गुरुदास वाचत गेला. यशोदा स्वतःच्या बोलण्यावर पुन्हा हसली. हौसाबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरोबर आसा." मग लवूचं आलं. कचेरीत मी गेलो. अंगठा मी लावला. कोणी सांगितलं नव्हतं. भूक लागली होती.

सुगंधा पुढे आली. तिच्या डोक्यावर नव्या तुकड्याचं गाठोडं होतं. तिने ते विठोबाच्या तुकड्याच्या शेजारी वाळूत टाकून पसरलं आणि त्यावर उभी राहिली.

"माका बोलूचां आसा. ह्यां खोटां आसा. आबान तेंका धाडल्यान."



"ह्यो तुकडो रापणीचो नाय," विठोबा म्हणाला.

"तुझ्या घराचां बोलणां झालां," दुसरा कोणी म्हणाला. "घोवान सांगल्यान एक, बायल सांगता दुसरां."

शंकर पुढे आला. तरुण माणूस, तोंड पांढरं पडलेलं. "बापूस जिवंत असताना कित्या बोलूक नाय? मेलेल्या माणसाक उत्तर देवक येणां नाय, म्हणान आज?"

"राधाकाकीक इचारा," सुगंधा म्हणाली. "ती घरात होती. तिणी पाणी दिल्यान."

सगळे राधाबाईकडे वळले. तिला विधवा होऊन महिनाही झाला नव्हता. तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग पायाखालच्या जाळ्याकडे.

"त्या दिशी मी म्हायेराक होतंय," ती म्हणाली.

गुरुदासने लवूला शोधलं. तो माणसांच्या मागे, सुरूच्या झाडाखाली होता. "लवू, तुम्ही सांगा. मी बदल करतो."

लवू राधाबाईकडे बघत राहिला. मग त्याने नकारार्थी मान हलवली आणि पुढे येऊन सुगंधाच्या दंडाला धरलं. "चल."

बदल करायचा का, असं गुरुदासने नियमाप्रमाणे सगळ्यांना विचारलं. एकही हात वर झाला नाही. त्याने वहीच्या समासात काहीतरी लिहिलं. टंकलेला कागद तसाच ठेवला.

संध्याकाळी तो लवूच्या दारात आला. बसला नाही. "मी शब्द दिला होता," तो सुगंधाला म्हणाला. "लेखन त्यांचं आहे. त्यांच्या संमतीशिवाय मला काही घालता येत नाही."

"तेंचां?" ती म्हणाली. "आणि आमी कोण मगे?"

काशीबाईने त्याला गूळ-पाणी दिलं. तो ते उभ्यानेच प्यायला आणि गेला.

आश्विनात साठ प्रती टपालाने आल्या. साध्या कागदाच्या, पण वर वेळवाडीचं नाव ठळक होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही घेतल्या. पोरीबाळी जिथे दिल्या होत्या, तिथे तिथे एकेक पाठवली. आपलं नाव छापून आलेलं बघून विठोबाने ते पान दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

सुगंधाचा भाऊ शिवा मिठबावला होता. तिथल्या रापणीत एका घराची जागा रिकामी झाल्याचा निरोप त्याने धाडला. काशीबाईला शेजारणीच्या हवाली करून दोघं पहाटे निघाली. दोन खाड्या तरीने ओलांडल्या, पुढचं पायी. तुकड्याचं गाठोडं सुगंधाने डोक्यावर घेतलं होतं. ती लवूला ते घेऊ देत नव्हती.

मिठबावचा तांडेल बाळा, चष्मा लावणारा, शांत माणूस. त्याने तुकडा वाळूत पसरवून घेतला, चार ठिकाणी ताणून पाहिला.

"हात चांगलो आसा. कोणाचो?"

"माझो आणि सासूचो," सुगंधा म्हणाली.

"बरो आसा." त्याने बंडीच्या खिशातून घडी केलेले कागद काढले. सुगंधाने ते लांबूनच ओळखले. "विठोबाची चेडू सुशीला हय लगीन करून दिलेली आसा. तिणी दिल्यान. आमी सगळ्यांनी वाचलां." त्याने पान काढलं आणि एकेक अक्षर सावकाश, पुस्तकी मराठीत वाचलं. कोणी सांगितलं नव्हतं. भूक लागली होती. चष्म्यावरून त्याने लवूकडे पाहिलं. "ह्यां तुझां बोलणां?"

लवूने कागदाकडे पाहिलं.

"तुझां नसात तर सांग. लिवणारे कायय लिवतत. माका माणूस व्हयो आसा. नाय म्हटलंस तर मी ऐकतंय."

शिवा लवूच्या पाठीला बोटाने टोचत होता.

"माझांच," लवू म्हणाला.

बाळाने कागदाची घडी घातली. तो चिडला नाही. "मगे तुकडो घेवक येवचो नाय. वाटो नाय. आज ओढूक माणसां कमी आसत. शेवटाक दोरी धर. रोजचो मासो मिळतलो." तो पाण्याकडे निघून गेला.

शिवाने वाळूत पाय आपटला आणि तोही गेला. सुगंधा तुकडा गुंडाळू लागली. तिची बोटं जाळ्यात अडकत होती.

"आबा गेलो," ती म्हणाली. "त्या बायेन खोटां सांगल्यान. देवाचां भय हय मिठबावाक नाय. आता कोणासाठी?"

लवू तिच्या शेजारी उकिडवा बसला. पाण्यातून होडी वळत होती, जाळ्याचा घेर पुरा होत आला होता.

"त्या दिशी सकाळी आबा हौसाच्या घराकडसून इलो," तो म्हणाला. "पोराक पुरान चार दिवस झालेले. माका आपल्या घराक नेल्यान, पुढ्यात बसलो आणि रडलो. म्हणता, आणखी एक पोर जावचां नाय. जा, आंगठो लावन ये." तो थांबला. "तिच्या पोरापायीच तेणी धाडल्यान गो. ह्यां भायर इलां तर सगळी म्हणतीत, हौसाच्या पोरापायी वाट गेली. तीसुद्दा तसांच म्हणात. आता तिका वाटता, पोर लढ्याक दिलंय. तितक्यार ती जगता."

सुगंधाच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. हे त्याने तिलाही चार वर्षांत सांगितलं नव्हतं.

किनाऱ्यावरून हाक आली. माणसं दोन दोऱ्यांवर रांगेने उभी राहू लागली. लवू उठला, अंगातली बंडी काढून तिच्या हातात दिली आणि उजवीकडच्या दोरीच्या शेवटाला गेला. त्याच्या पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं.

"खयचो रे तू?"

"वेळवाडीचो."

"तो अंगठ्याचो?"

"तोच," लवू म्हणाला, दोरी उजव्या खांद्यावर घेतली, टाचा वाळूत रोवल्या आणि मागे झुकला.